इसूफ टांगेवाल्याचे नऊ दिवस

काही सिनेमे चालतात, काही पडतात. ‘लोहनकाब का जनम’ हा सिनेमा शहात्तर साली सोलापुरात, गड्ड्याच्या जत्रेत आमच्या टॉकीजला लागला. तो धड चालला नाही, धड पडला नाही, नुसता आडवा आला. त्याचं नाव निघालं की माझं डोकं अजून फिरतं. मी त्या टॉकीजचा बुकिंग क्लार्क. खिडकीत बसून तिकिटं द्यायची आणि सिनेमा बदलला की हँडबिलाचा मजकूर लिहायचा, हे माझं काम. सिनेमावर माझं पोट होतं, तेव्हा मी सिनेमाला नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं. पण हा सिनेमा पत्र्याच्या पेटीत बसून मुंबईहून आला आणि थेट इसूफचाचांच्या घरात शिरला, म्हणून मोजतो.

इसूफचाचा हे टॉकीजचे टांगेवाले. टांग्याच्या दोन्ही अंगांना पोस्टरचे लाकडी बोर्ड, वर बॅटरीवर चालणारा लाउडस्पीकर. चाचा त्याला कर्णा म्हणत, कारण सुरुवात त्यांनी पत्र्याच्या कर्ण्यावर केली होती. शेजारी मी हँडबिलं उधळायला बसायचो. घोडी इतकी सरावलेली की विजापूर वेशीत, माणिक चौकात, कन्ना चौकात आपली आपण थांबायची. चाचा बोलायला लागले की कान टवकारायची आणि ‘आजच पाहा’ हे शेवटचे दोन शब्द आले की लगाम न हलवता चालू पडायची. चाचांना अक्षरओळख नव्हती. मी मजकूर दोनदा वाचून दाखवायचो, तिसऱ्यांदा ते मला म्हणून दाखवायचे, आणि मग तो माझा आहे हे मलासुद्धा पटत नसे. आवाज तसा खणखणीत होता.

या माणसाचा एक नियम होता. ज्या सिनेमाची दवंडी पिटायची, तो बघायचा नाही. टॉकीजचं दार त्यांना चोवीस तास उघडं, पण चाचा अंगणात घोडीला गवत घालत बसणार. मी नवीन होतो तेव्हा विचारलं, तर म्हणाले, “मास्तर, न बघता सांगितलं तर ती बातमी. बघून सांगितलं तर ती गवाही. बातमी चुकली तर लोकं दोन शिव्या देत्यात. गवाही चुकली तर वर जाब द्यावा लागतो. तुमी ल्ह्यायचं, मी बोलायचं. खोटं कुनीच न्हाई बोललं.”

लिहिणाऱ्या कुणालाही ते मास्तर म्हणत. मला त्यांचं ते बोलणं फार सोयीचं वाटलं. मीही बहुतेक सिनेमे न बघताच लिहीत होतो.

टॉकीजला ते लागले तीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सत्तावन्न सालची. चाचा तेव्हा स्टेशनवर साधा भाड्याचा टांगा हाकत. एका दुपारी दोन-तीन खेपा झाल्यावर घोड्याला चारा टाकायला म्हणून त्यांनी बैठकीखालचं गवताचं पोतं ओढलं, तर पोत्यावर तीनेक वर्षांची पोर झोपलेली. कुणाची, कुठल्या खेपेतली, काही पत्ता नाही. उठवल्यावर पोर एकच शब्द बोलायची, ‘अक्का’. आता सोलापुरात अक्का कोण म्हणत नाही? आम्ही लिंगायत म्हणतो, साखर पेठेतले तेलुगू विणकर म्हणतात, मराठ्यांच्या घरातही म्हणतात. त्या एका शब्दावरून गाव काही ठरवू शकलं नाही. पोलीस चौकीत नोंद केली. जमादार म्हणाला, तूर्त तुझ्याकडंच ठेव, कुणी आलं तर पाठवतो. चाचांनी तालमीतून कुस्त्या पुकारायचा पत्र्याचा कर्णा मागून आणला, पोरीला टांग्यात पुढं उभं केलं आणि गावभर ओरडत फिरले, “लेकरू सापडलंय हो! कुनाचं हाय, घेऊन जावा!” असे नऊ दिवस. सहाव्या दिवशी टॉकीजचे मालक ईश्वरप्पांनी तो आवाज ऐकला आणि नोकरी देऊ केली. दहाव्या दिवशी चाचांनी कर्णा तालमीत परत दिला. त्यांना आणि कमरबीचाचींना मूलबाळ नव्हतं. पोरीचं नाव चांदबी ठेवलं.

चांदबी सातवी शिकली, शिवणकाम शिकली, बापाला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. आपण टांग्यात सापडलो हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं. चाचांनी लपवलं नव्हतं, पण मिरवलंही नव्हतं.

मग त्र्याहत्तर साली पहिला ‘लोहनकाब’ आला. लोखंडी मुखवटा घातलेला एक माणूस वादळातून येतो, एका हातानं मालगाडीचा डबा अडवतो, खाणीत अडकलेल्यांना बाहेर काढतो आणि निघून जातो. कोण, कुठला, शेवटपर्यंत कळत नाही. तेरा आठवडे चालला. गिरणीच्या पाळ्या बुडवून लोकांनी बघितला. शेवटच्या आठवड्यात दवंडीची गरज उरली नाही, तेव्हा चाचा नियमातून सुटले. चांदबीनं हट्ट धरला आणि तिघं जाऊन बसले. त्यात एके ठिकाणी एक म्हातारी त्याला विचारते, तू कुणाचा रे बाबा? तर तो म्हणतो, “जो पुकारे, उसका.”

त्या एका वाक्यानं चाचा खुळावले. उरलेल्या चार दिवसांत तो सिनेमा त्यांनी आणखी तीनदा बघितला. घरी कमरबीचाचींनी चहाला हाक मारली की चांदबी म्हणायची, “जो पुकारे उसका,” आणि चाचा रडायच्या बेताला येऊन हसायचे. ज्यानं हाक मारली त्याचं लेकरू, असा त्या घरात त्याचा अर्थ होता.

म्हणून शहात्तरच्या जानेवारीत ‘लोहनकाब का जनम’ची पेटी आली तेव्हा चाचा पेटीभोवती घोटाळायला लागले. हा पुढचा भाग नव्हता, मागचा होता. लोहनकाब लोहनकाब व्हायच्या आधीची हकिकत. मुंबईहून आलेल्या पोस्टरवर एका बाजूला मुखवटा, एका बाजूला राजमुकुट, आणि खाली हातभर अक्षरात ‘खून बोलता है!’ मी सिनेमा बघितला नव्हता, पण त्या ओळीवरून मला स्फुरण चढलं. मी लिहिलं, “मुखवट्यामागं कोण? कुणाच्या वंशाचा? कुणाच्या रक्ताचा? रक्त बोलतं! रक्त लपत नाही! आजच पाहा!” ईश्वरप्पांनी पाठ थोपटली. मलाही आपलं लिखाण आवडलं, आता काय लपवायचं!

त्याच आठवड्यात चाचांच्या घरी दुसरीच धांदल होती. चांदबीला कुर्डुवाडीचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात, बाप दस्तगीरसाब तिथलाच जुना फिटर. मुलगी सगळ्यांना पसंत. पहिल्याच भेटीत चाचांनी ती कशी सापडली ते सरळ सांगून टाकलं. दस्तगीरसाब म्हणाले, मला काही नाही, पण माझी मोठी बहीण हुसेनबी, तिच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. हुसेनबीला खानदान हवं होतं. तिनं निरोप धाडला, गड्ड्याला रविवारी येतो, मुलगी बघतो, तेव्हाच काय ते सांगतो. हो असेल तर साखर तिथंच वाटायची. एकवीस-बावीस वर्षांची पोर, दोन स्थळं याच कारणानं आधी परतली होती. हे तिसरं. चाचींनी दर्ग्यात नवस बोलला होता.

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी चाचांनी माझा मजकूर सगळ्या गावाला ऐकवला. “कुणाच्या रक्ताचा? रक्त बोलतं!” असं ते कन्ना चौकात गरजले तेव्हा साळी लोक माग सोडून दारात आले. मी शेजारी बसून हँडबिलं उधळत होतो. घरात रक्ताचीच चौकशी चालू असलेल्या माणसाच्या तोंडी आपण काय घातलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कसं यावं? आपलं लिहिलेलं वाक्य गर्दीत घुमताना ऐकलं की माणूस बहिरा होतो.

शुक्रवारी दुपारी चाचा खिडकीशी आले. म्हणाले, “मास्तर, एक पास द्या.”

“दवंडी चालू आहे चाचा. तुमचा नियम?”

“तीन वर्सं वाट बघितलीय. त्यो आपला मानूस हाय. त्याची गोष्ट हाय. बघितलं तर गवाहीच द्यावी लागंल ना? खुशीनं देतो की.”

मी पास दिला. बाराचा शो होता. तीन वाजता लोक बाहेर आले, त्यात चाचाही आले. घोडीकडं न जाता कँटीनच्या बाकड्यावर बसले. चहा समोर ठेवला, तो निवला. मग एकाएकी बोलायला लागले.

“अडीच तास! अडीच तासांत मुखवटा कवा घातला म्हाईतय? शेवटच्या दहा मिन्टांत! लोकांनी पैसे लोहनकाबचे दिले आनि बघितलं काय, तर एक गुबगुबीत पोरगं झोपाळ्यावर बसून आंबा खातंय. मग त्याची आई गानं म्हनती. मग ती मरती, तरी आनि एक गानं. ह्याला कुनी इचारलं होतं का, बाबा तू ल्हानपनी आंबा खायाचास का?”

मी म्हणालो, चाचा, मोठा होईस्तोवर दाखवायला नको का?

“कशाला? पह्यल्या सिनेमात त्यो वादळातनं आला. आला म्हंजे आला. कुटनं आला म्हनून कुनाचं काई अडलं का? डबा अडवला का न्हाई त्यानं? मानसं वाचली का न्हाई? आता हे म्हनत्यात, त्यो राजाचा पोरगा. दंडावर सूर्याची खूण. राजाचं रगत म्हनून त्याच्या हातात बळ. म्हंजे त्यानं डबा अडवला न्हाई, त्याच्या आज्यानं अडवला!”

आजूबाजूला माणसं जमली होती. दोघं-तिघं हसली. चाचा हसले नाहीत.

“आनि त्यो लोहाराचा पोरगा. बघितला का तुमी? न्हाई, तुमी कशाला बघताय! एक लोहार हाय. त्याला राजाचं पोरगं जंगलात सापडतं, त्यो वाढवतो. त्याचा सोताचा पोरगा बी हाय. त्यो पोरगा जल्मभर भट्टीम्होरं बसलाय, भाता वढतोय, हात भाजून घेतोय. मुखवटा त्यानं घडवलाय, मास्तर, सोताच्या हातानं! तर त्यानं त्यो तोंडाला लावला की तोंड भाजतंय. आनि आंबा खानाऱ्यानं लावला की बरोब्बर बसतोय. का? तर रगत! आनि त्यो साधू वरनं म्हनतोय, खून बोलता है. त्या लोहारानं वीस वर्सं भाकरी घातली, त्या भाकरीचं काय? ती न्हाई का बोलत?”

“आणि तो ‘जो पुकारे उसका’?” मला राहवेना.

चाचांनी कप उचलला. “ते हितं राजा म्हनतो. मरताना. म्हनतो, आमच्या कुळाचा शबुद हाय.” त्यांनी निवलेला चहा तसाच जमिनीवर ओतला. “आमच्या घरातला शबुद होता, मास्तर. तीन वर्सं. त्यो बी राजानं नेला.”

शनिवारी सकाळी चाचा टांग्यावर बसले, घोडी माणिक चौकात थांबली आणि चाचांनी फक्त सिनेमाचं नाव आणि तीन खेळांच्या वेळा सांगितल्या. मी कोपरानं ढोसलं. त्यांनी मान हलवली, घोडी हलावी म्हणून ‘आजच पाहा’ तेवढं पुटपुटले. पुढच्या चौकात तेच. दुपारी ईश्वरप्पांच्या कानावर गेलं. अप्पांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“इसूफ, काय ऐकतोय मी? गड्ड्यात अर्धा जिल्हा आलाय आणि तू नुसत्या वेळा सांगतोस? रेल्वे स्टेशन आहे का हे?”

“अप्पा, बघितलाय मी.”

“तुला बघायला कुणी सांगितलं होतं? तुझं काम ओरडायचं.”

“त्येच की. न बघता वरडलो असतो.”

अप्पा माझ्याकडं वळले. मी चाचांना बाहेर नेऊन समजावलं, विनवलं, शेवटी चिडलोसुद्धा. म्हटलं, चाचा, सिनेमा आहे हो, कुराण नव्हे! दोन शब्द म्हणून टाका, आठवड्याभरात पेटी परत जाईल. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “दोन दिवस म्हटलंय मी ते. रगत बोलतं, रगत लपत न्हाई. गावात घरोघरी गेलंय आता. उद्या ती बाई येनार, माझ्या पोरीला बघायला. तिच्या बी कानावर पडंल. मास्तर, न बघता बोललं म्हंजे खोटं न्हाई, असं मी अठरा वर्सं म्हनत आलो. लई सोपं केलं होतं मी माझं.”

त्यांच्यावर चिडलेला मी त्या वाक्यानंतर स्वतःवरच चिडलो, आणि तो राग आजवर उतरलेला नाही. तरी मी खरं सांगितलं नाही. पोस्टरवर फक्त ‘खून बोलता है’ होतं. ‘रक्त लपत नाही’ हे माझं होतं.

रविवारी पाहुणे कुर्डुवाडीहून गाडीनं आले. दस्तगीरसाब, हुसेनबी आणि हुसेनबीच्या मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात साखरेचा पुडा, वरून दिसत होता. चाचा त्यांना आणायला टॉकीजचे बोर्ड लावलेला आपलाच टांगा घेऊन गेले. दुसरा आणणार कुठून? सिनेमा उतरेपर्यंत बोर्ड काढायची सोय नव्हती. तेव्हा चांदबीची सोयरीक ठरवायला आलेली माणसं ‘खून बोलता है’ या अक्षरांच्या मधोमध बसून घरी आली. हुसेनबीला वाचता येत होतं. टांग्यातून उतरल्यावर तिनं बोर्ड निरखून बघितला आणि म्हणाली, “आम्हाला हाच बघायचाय.”

आता गड्ड्याला आलेला पाहुणा सिनेमा न बघता परत जात नाही, आणि टॉकीजच्या टांगेवाल्याच्या घरी आलेला तर नाहीच नाही. नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. चाचा मला येऊन म्हणाले, “मास्तर, बाल्कनी भरली म्हना.” मी तसं म्हणायलाच निघालो होतो. पण अप्पा खुर्ची टाकून दारात बसलेले, त्यांना पाहुण्यांचं कळलेलं. “अरे, आपल्या इसूफच्या पोरीचे व्याही! पुढच्या रांगेत बसवा!” स्वतः उठून त्यांनी पाहुण्यांना जिना दाखवला. चांगुलपणानंच केलं. चांगुलपणाला वेळकाळ कळत नाही, हीच तर बोंब आहे.

चाची आणि चांदबी पाहुण्यांबरोबर बसल्या. चाचा आत गेले नाहीत. अंगणात घोडीजवळ उभे राहिले, उन्हात, अडीच तास. मी खिडकी बंद करून त्यांच्याजवळ उभा राहिलो. आतून डायलॉग ऐकू येत होते. चाचांना आता सगळे ठाऊक होते. लोहाराच्या पोराचं तोंड भाजलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

तीन वाजता दारं उघडली. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी, आतून मागच्या खेळाची. हुसेनबी जिना उतरून टांग्यापाशी आली. मागं चांदबी, खाली मान घालून. हुसेनबी वाईट बाई होती असं मी म्हणणार नाही. तिचा आवाज उलट मऊ होता.

“इसूफभाई, लडकी अच्छी है. काम की है. पर सच्ची बात है, खून बोलता है. कल को इसकी औलाद में क्या बोलेगा, किसको मालूम? आज सिनेमा देखा और दिल का डर पक्का हो गया.” तिनं पिशवीतला साखरेचा पुडा आत सारला आणि पिशवीचे बंद आवळले. दस्तगीरसाब घोडीच्या पायांकडं बघत राहिले. त्यांनी एक शब्द काढला असता तर!

चाचा टांग्यावर चढले. मला वाटलं, पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघाले. त्यांनी कर्णा चालू केला आणि माईक हातात घेतला.

“ऐका हो ऐका! लोकहो, मी इसूफ टांगेवाला. तुमी मला वळखता. ह्यो सिनेमा बघा म्हनून मी दोन दिवस वरडलो. तवा बघितला नव्हता. आता बघितलाय. आता गवाही देतो. सिनेमा खोटा हाय!”

अंगणातली गर्दी थांबली. तिकिटाच्या रांगेतली माणसं वळली. अप्पा खुर्चीतून उठले. ते आणीबाणीचे दिवस. लाउडस्पीकरचा परवाना अप्पांच्या नावावर, आणि भोंग्यावर कुणी काय बोलायचं याची सगळ्या गावाला धास्ती. अप्पा “इसूफ! इसूफ!” करत धावले, पण गर्दीतून वाट मिळेना.

“रगत बोलतं म्हनत्यात. सत्तावन्न साली ह्या टांग्यात मला लेकरू सापडलं. नऊ दिवस मी ह्या गावात वरडत फिरलो. ह्या चौकातनं त्या चौकात. लेकरू म्होरं उभं होतं, समद्यांनी बघितलं. रगत बोलत असंल तर तवा का न्हाई बोललं? नऊ दिवस मी बोललो! रगत गप बसलं होतं!”

एवढंच बोलले. माईक खाली ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिनेमात वाजवल्या असत्या. रांगेतली दोन माणसं रांग सोडून गेली, त्यांच्या जागी दुसरी दोन आली. हुसेनबीनं पदर डोक्यावर ओढला, भावाला खूण केली आणि दोघं नाक्यावरच्या दुसऱ्या टांग्यात बसून स्टेशनकडं गेली. जाताना दस्तगीरसाबांनी एकदा मागं वळून सलाम केला. त्या सलामाचं काय लोणचं घालायचं?

अप्पा पोचले तेव्हा त्यांना शिव्यासुद्धा सुचेनात. “बोर्ड काढ,” म्हणाले, “माझे बोर्ड काढ, तो कर्णा ठेव आणि जा.” मग माझ्याकडं बघून ओरडले, “बघतोस काय? पान्हा आण!”

मी दोन पान्हे आणले. चाचा एका बाजूचे नट सोडत होते, मी दुसऱ्या बाजूचे. चाची टांग्यात बसून रडत होत्या. चांदबी खाली उभी होती, बापाच्या शेजारी. ती रडत नव्हती. रागानं तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“अब्बा,” ती म्हणाली, “दुनिया के सामने बोले तुम. मेरेकू एक बार पूछे?”

चाचांचा हात थांबला.

“छोटे बच्चों को भी नै मालूम था. अब सबकू मालूम. कल से मैं सुई-धागा लाने बाजार में कैसे जाऊँ?”

चाचांनी मान खाली घातली. ती बरोबर बोलत होती. त्यांच्या बोलण्यानं माझ्या अंगावर काटा आला होता, पण ज्या पोरीसाठी ते बोलले तिला त्यांनी भर गर्दीत पुन्हा टांग्यात पुढं उभं केलं होतं, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आणि तिचं अजून संपलं नव्हतं. आवाज एकदम बारीक झाला.

“और वो नौ दिन. तुमे ‘जो पुकारे उसका’ बोलते थे ना घर में? मैं भी बोलती थी. आज समझी. नौ दिन तुम मेरेकू रखने नै पुकारे अब्बा. मेरेकू देने कू पुकारे. कोई ले जाओ करके.”

मी नट सोडायचं थांबलो. बोर्ड अर्धवट लोंबत होता. खोटं तर हा माणूस बोलणार नव्हता.

चाचांनी आपल्या बाजूचा बोर्ड उतरवला आणि पान्हा टांग्याच्या पायरीवर ठेवला. “हौ,” ते म्हणाले. “देने कूच पुकार्‍या. नौ दिन.”

चांदबीनं तोंड फिरवलं.

“दसवे दिन सुबू तू मेरी उंगली पकड़के घोड़े कू पानी पिलाई. मैं कर्णा उठाया, फिर नीचे रख्या. तालीम में जाके वापस दे दिया. चौकी का जमादार पूछ्या, बंद कायकू किया रे, चालीस दिन पुकारते लोगां. मैं बोल्या, गला बैठ गया.” चाचांचा तो खणखणीत आवाज आता मला दोन हातांवरून नीट ऐकू येत नव्हता. “गला नै बैठ्या था, बेटा. उतनाच एक झूट बोल्या मैं जिंदगी में. दसवे दिन चुप बैठ्या, कोई सुन लेंगा करके.”

चांदबीनं पायरीवरचा पान्हा उचलला आणि माझ्या बाजूचा राहिलेला नट स्वतः सोडायला लागली. तोही बोर्ड खाली आला, कर्णा मी उतरवून घेतला. ती टांग्यात आईशेजारी जाऊन बसली, चाचा पुढं बसले, लगाम हलवला. घोडी हलेना. ती ‘आजच पाहा’ची वाट बघत उभी होती.

चाचांनी दोनदा लगाम ओढला, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. घोडी नुसते कान हलवत राहिली. त्यांना ते दोन शब्द तोंडातून काढवेनात. शेवटी मागून चांदबीनंच ते म्हटले, हळूच, आणि टांगा निघाला.